उजाडेपर्यंत तारीख कालची

ठाण्याच्या नौपाड्यात ऐंशी-नव्वदच्या काळात ज्यांची पोरं जन्मली, त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत आजही देव्हाऱ्यात, नाहीतर गणपतीच्या तसबिरीमागे कॅलेंडरचं एक पिवळं पडलेलं पान सापडेल. ते पान चंद्रामावशीनं दिलेलं.

मावशीचं पूर्ण नाव चंद्रभागा, राहणार चेंदणी कोळीवाडा. नवऱ्याची खाडीत होडी होती. पण खाडीतली मासळी आटत गेली, तशी होडी पाण्यात कमी आणि काठावर जास्त दिसायला लागली. तेव्हा चंद्रभागेनं पदर खोचला आणि नौपाड्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. आई कोळीवाड्यातली सुईण, त्यामुळे बाळंतिणीला धीर कसा द्यायचा आणि बाळंतिणीच्या नवऱ्याला गप्प कसं बसवायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. बाई आवाजानं खणखणीत, हातानं हलकी आणि स्वभावानं समाधानी. कामाचा कंटाळा आला असं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. पगार किती म्हणून विचारलं, तर म्हणायची, "पोरं बघायला मिलतात गो रोज नवीन. आनकी काय पायजे?"

माणसाला एखादं वेड असावं, पण निदान ते बिनखर्चाचं असावं. मावशीचं तसं होतं. प्रसूतिगृहाच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर असे. औषधवाले दर वर्षी फुकट देऊन जात. पानावर मोठी तारीख, खाली बारीक अक्षरात दिनविशेष, म्हणजे आजच्या दिवशी कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे काय घडलं. मावशी ते फाडलेलं पान टाकत नसे. त्या दिवशी जे मूल होई, त्याच्या आईच्या उशाखाली ती ते ठेवी. चौथी शिकलेली बाई, बोट लावून वाचायची, पण वाचायची झोकात. "बघ गो, काय दिवशी आलाय तुजा लेक! याच दिवशी आपल्या ठान्याला पयली आगगाडी आलेली!" ते सोळा एप्रिलचं पान ज्याला मिळालं, त्याचा बाप रेल्वेतच होता. त्यानं आनंदाच्या भरात स्टेशनात ओळखीच्याला, बिनओळखीच्याला, सगळ्यांना पेढे वाटले.

आता इतिहासातला प्रत्येक दिवस काही पेढ्यांचा नसतो. कुठे बोट बुडालेली, कुठे लढाई, कुठे भूकंप. अशा वेळी मावशी बोट सरकवून पुढच्या ओळीवर नेई. चौदा एप्रिलच्या पानावर बाबासाहेबांची जयंतीही असे आणि मुंबई गोदीतला स्फोटही. मावशी जयंती वाचायची आणि पान दुमडायची. एकदा एक चौकस बाळंतीण म्हणाली, "मावशी, खाली अजून काहीतरी लिहिलंय." मावशी म्हणाली, "ते शेजारच्या खाटेसाठी हाय."

पण या सगळ्यात मावशीचा एक नियम होता, आणि तो मोडायला तिनं ब्रह्मदेवाचंही ऐकलं नसतं. पान फाडायचं ते सूर्य वर आल्यावर. सकाळी ती दार उघडी, पायरीवर पाणी शिंपडी, पूर्वेला हात जोडी आणि मग आत येऊन पान फाडी. खाडीवरच्या माणसाचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, घड्याळाबरोबर नाही, हे तिचं म्हणणं. त्यामुळे पहाटे जन्मलेल्या मुलाला पान मिळे आदल्या दिवसाचं. डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग हसल्या, आणि शेवटी त्यांनी वाटणी करून टाकली. "चंद्रा, रजिस्टर माझं आणि पान तुझं. मध्ये यायचं नाही." तेव्हापासून नौपाड्यातल्या कित्येक पोरांना जन्मतारखा दोन. एक सरकारी आणि एक मावशीची. सोळा ऑगस्टच्या पहाटे जन्मलेलं एक कार्टं तर मावशीच्या कृपेनं आयुष्यभर स्वातंत्र्यदिनाला वाढदिवस करत राहिलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं नाही म्हणतोय, पण एका घरात बिघडता बिघडता राहिलं. ती गोष्ट आवडाबाईंची.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीत डोंबिवलीची शेवंती बाळंतपणाला ठाण्यात माहेरी आली होती, वागळे इस्टेटीत. आधीच्या दोन मुली. दिवाळी सरली, डब्यांत तळाची शेव उरली, आणि एकतीस ऑक्टोबरच्या पहाटे, अंधार असतानाच, मावशीच्या प्रसूतिगृहात शेवंतीला तिसरी मुलगी झाली. सकाळी तिचा भाऊ बाळाचे कपडे आणि पेज आणायला घरी गेला. तेवढ्यात डोंबिवलीहून सासूबाई दाखल झाल्या.

आवडाबाई म्हणजे साताऱ्याकडचं खणखणीत नाणं. उंच, ताठ, कपाळाला आडवं कुंकू, जिभेला हाड नाही. एकादशी निर्जळी करायच्या आणि बाकीचे दिवस सुनेला पाणी पाजायच्या. तिसरी मुलगी म्हटल्यावर त्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या. मांडीवर घ्यायचं नाव नाही.

दुपारी बातमी आली. दिल्लीत इंदिराबाईंवर गोळ्या झाडल्या. खालच्या रस्त्यावर एकामागून एक शटरं पडली, रिक्षा गायब झाल्या, आणि कधी नव्हे तो नौपाडा चिडीचूप झाला. शेजारच्या खोलीत रेडिओभोवती डॉक्टरीणबाईंसकट सगळे जमलेले. डॉक्टरीणबाई रडत होत्या. आवडाबाईंना परत जायची सोय उरली नाही, आणि शेवंतीच्या भावाला त्याच्या आईनं घराबाहेर पडू दिलं नाही. खोलीत उरल्या तिघी, आणि पाळण्यातली चौथी.

आवडाबाईंना खरंच दुःख झालं होतं. इंदिराबाईंचा फोटो त्यांच्या घरी देवांच्या रांगेत होता. पण दुःख झालं की काही माणसं रडतात आणि काही चावतात. पाळण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तिसरी पोरगी ती पोरगी, आणि आली तीही आजच! येताना अख्खा देश पोरका करून आली गं ही!"

शेवंतीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

चंद्रामावशी तेव्हा फरशी पुसत होती. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! तिनं फडकं बादलीत आपटलं. पण आवाज मात्र मधासारखा काढला. "आवडाबाय, पोर आज झाली असं तुमाला कोनी सांगितलं?"

"म्हणजे? पहाटे झाली ना?"

"झाली. पन उजाडलं व्हतं काय?" मावशीनं शेवंतीच्या उशाखालचं पान काढून समोर धरलं. तीस ऑक्टोबर, मंगळवार. "पोर जन्मली तवा भिंतीवर ही तारीख व्हती. सूर्य वर आला, मंग मी पान फाडलं. ही पोर कालची हाय. आजचा आनि हिचा काय संबंध?"

"काहीतरीच! तारीख रात्री बाराला बदलते. लहान पोराला विचार."

"बरं. मंग येत्या एकादशीला असं करा," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "रात्री बाराचे टोले पडले की उठा आनि भात खावा. द्वादशी लागली ना!"

 आवडाबाईंची लग्न झाल्यापासून एक एकादशी चुकली नव्हती, आणि एक उपास सूर्याच्या आधी सोडला नव्हता. आता या कोळणीला खोटं पाडायचं, तर जन्मभराच्या एकादश्या खोट्या पडत होत्या. त्यांनी पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "कुणाचा जन्म लिहिलाय इथं?"

"होमी भाभा. मोटा शिकलेला मानूस व्हता म्हनं."

 आवडाबाई पान उशाखाली परत ठेवून पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. मावशीला वाटलं, गेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दिवेलागणीच्या सुमाराला पोर भिजली आणि रडायला लागली. धोबीण आली नव्हती, दवाखान्यातली दुपटी सगळी ओली, आणि घरचे कपडे वागळे इस्टेटीत अडकलेले. शेवंती उठायला बघत होती, पण तिच्यानं उठवेना. रडून रडून पोर लाल झाली. तशा आवडाबाई उठल्या. अंगावर त्यांच्या आईनं दिलेलं लुगडं होतं, शेवटचं. म्हातारी त्यानंतर महिनाभरात गेली होती. जपून वापरलेलं, पण धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आवडाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं आणि टर्रकन फाडलं. चांगला हातभर काठपदर, रेशमी किनारीसकट! त्यात पोरीला गुंडाळली, मांडीवर घेतली आणि स्टुलावर बसून हलायला लागल्या.

"आजीच्या लुगड्यात गुंडाळतात पहिल्यांदा," त्या मावशीकडे न बघता म्हणाल्या. "रीत आहे आमच्यात."

"आमच्यात पन," मावशी म्हणाली, आणि फरशी पुसायला लागली.

पोरीचं नाव ठेवलं सरस्वती. शिकलेल्या माणसाच्या दिवसाचं पान मिळालं म्हणून. आणि मग काय विचारता! दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी म्हणतात, तसं झालं. आवडाबाईंचा जीव त्या सरूत असा गुंतला की आधीच्या दोघी नाती कुरकुरायच्या. दर वर्षी तीस ऑक्टोबरला आवडाबाई सरूला घेऊन ठाण्याला यायच्या, मावशीला पुरणपोळ्या द्यायच्या आणि तेच आखूड पदराचं लुगडं नेसायच्या. मावशी चिडवायची, "नऊवारीची आठवारी केली गो बायनं!" शाळेत नाव घालताना जन्मदाखल्यावर एकतीस निघाली, तेव्हा आवडाबाई कारकुनाशी तास न् तास भांडल्या. कारकून दाखला दाखवी, आवडाबाई सूर्य दाखवीत. शेवटी शाळेत एकतीस लागली ती लागलीच. घरी मात्र तीस.

शहाण्णव साली तीस ऑक्टोबरला आवडाबाई आल्या त्या एकट्याच. हातात डबा नाही, चेहरा उतरलेला. प्रसूतिगृहाच्या पायरीवरच बसल्या.

"चंद्रा, चल माझ्याबरोबर डोंबिवलीला. आत्ताच्या आत्ता."

हळूहळू कळलं ते असं. सरू आता सातवीत. तिच्या वर्गाच्या बाईंनी नवीन पद्धत काढलेली, ज्याचा वाढदिवस असेल, त्यानं सकाळच्या परिपाठात माइकवर त्या दिवसाचा दिनविशेष सांगायचा. रजिस्टरप्रमाणे सरूची पाळी उद्या, एकतीसला. पोरगी माहिती गोळा करत शेजारच्या गंगुबाईकडे गेली. आणि गंगुबाईनं, उचलली जीभ लावली टाळ्याला, सगळं सांगून टाकलं. तू त्याच दिवशीची, आणि तुझी आजी तुला हातात घेत नव्हती, देश पोरका करून आली म्हणाली होती. गंगुबाईला ते कुणी सांगितलं? खुद्द आवडाबाईंनीच, कधीतरी निवडण-टिपण करताना, हसत हसत.

"तीन दिवस माझ्याशी बोलली नाही गं पोर," आवडाबाई म्हणाल्या. "मी वाढलेलं जेवत नाही. आईला म्हणते, तू वाढ. आज वाढदिवसाचं औक्षणसुद्धा करू दिलं नाही मला." एवढ्या ताठ बाईनं मावशीचं मनगट धरलं. "तू चल. शाळेत सांग, पोर तीसचीच आहे म्हणून. आणि तिला सांग, की मी तसं काही बोललेच नव्हते. तुझं ऐकेल ती. तू होतीस तिथं."

मावशीनं डॉक्टरीणबाईंना सांगून रजा घेतली. आवडाबाईंना लोकल झेपत नसे, म्हणून दोघी एस.टी.नं निघाल्या. शीळफाट्यापर्यंत आवडाबाई तेच तेच घोकत होत्या. "काय सांगशील? नव्हते बोलले. एवढंच." मावशी खिडकीबाहेर बघत होती.  आयुष्यभर तिनं वाईट ओळीवरून बोट सरकवून चांगली ओळ वाचली होती. पण बोट सरकवणं वेगळं, आणि ओळच नव्हती म्हणणं वेगळं. पोरगी आता मोठी होती. खाली अजून काहीतरी लिहिलंय, हे तिला दिसत होतं.

सरू खिडकीत पुस्तक घेऊन बसली होती. मावशीला बघून उठली, वाकून नमस्कार केला आणि थेट विचारलं, "मावशी, आजी तसं बोललेली का?"

शेवंती स्वयंपाकघराच्या दारात आली. आवडाबाईंनी मावशीकडे असं बघितलं, की कुणाचंही काळीज हललं असतं.

"बोललेली," मावशी म्हणाली.

आवडाबाई भिंतीशी जाऊन पाठमोऱ्या बसल्या.

"एकच डाव बोलली. आनि मना असा राग आलेला, वाटलं बादली वतावी डोक्यावर. पन ते दुपारचं झालं, सरू. दिनविशेष अर्धा वाचून चालतो काय? संध्याकालचं तुला गंगुबायनं सांगितलं?"

"नाही."

"कसं सांगनार! तुज्या आजीनं ते तिला सांगितलंच नसंल. वाईट बोललेलं सांगते, चांगलं केलेलं पोटात ठेवते. अशीच हाय ती." मावशी आवडाबाईंकडे वळली. "काढा लुगडं."

आवडाबाई हलल्या नाहीत. शेवटी शेवंतीनं ट्रंकेतून ते लुगडं आणून चटईवर पसरलं. एका टोकाला नीट काठ, दुसऱ्या टोकाला घाईघाईत घातलेली टीप. सरूनं हे लुगडं शंभरदा पाहिलं होतं. आजीच्या पदराला टोक का नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

मग मावशीनं सगळं सांगितलं. पडलेली शटरं, रडणाऱ्या डॉक्टरीणबाई, एकादशीचा भात. भाताला सरूला हसू आलं, तिनं ते दाबलं. मग ओली दुपटी, आणि दातात धरलेलं पदराचं टोक.

"तिच्या आयशीचं शेवटचं लुगडं व्हतं ते. माज्या पानानं काय झालं नाय गो. मानसाला घ्यायचंच नसंल ना, तर अख्खं पंचांग दावलंस तरी तो घेत नाय. तिला घ्यायचं व्हतं. तिला फक्त मागं फिरायला वाट पायजे व्हती."

सरू फाटलेल्या टोकावरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो तुकडा कुठाय?"

"तुझ्या उशीत," आवडाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "कापसावर आतून लावलाय. तू लहानपणी त्याशिवाय झोपायची नाहीस."

 रात्री सरू जेवायला बसली, तेव्हा ताट आजीच्या पुढ्यात सरकवलं. आवडाबाईंनी भात वाढला तो इतका, की चार माणसं जेवली असती. सरू जेवली.

सकाळी शाळेत कुणी काही सांगायला गेलं नाही. तारीख बदलायची गोष्टच निघाली नाही. पण दोघी म्हाताऱ्या शाळेच्या भिंतीबाहेर गुलमोहराखाली जाऊन उभ्या राहिल्या. आवडाबाईंनी तेच लुगडं नेसलेलं. आत प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, माइक खरखरला आणि सरूचा आवाज आला. 

"आज एकतीस ऑक्टोबर. आजच्या दिवशी अठराशे पंचाहत्तर साली सरदार वल्लभभाई पटेल यांचा जन्म झाला. आजच्या दिवशी एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली." मध्ये ती थांबली. मावशीनं आवडाबाईंचा हात धरला. "आणि त्याच दिवशी, ठाण्यात, दिवेलागणीला, माझ्या आजीनं स्वतःच्या आईनं दिलेलं लुगडं फाडून मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. माझा जन्म त्याच्या आदल्या दिवशीचा. पण माझ्यासाठी आजचा दिवस मोठा आहे."

आत टाळ्या वाजल्या की हसले, ते बाहेर नीट कळलं नाही.

"दिवेलागणीला नव्हे गं," आवडाबाई भिंतीकडे बघून पुटपुटल्या. "जरा आधीच घेतलेलं मी. उजेड होता चांगला." मग त्यांनी डोळे पुसायला पदर ओढला. पण त्या पदरात उरलं होतं काय? तो खांद्यावरून जेमतेम पुढे आला, तोंडापर्यंत पोचेना. तेव्हा चंद्रामावशीनं आपला खोचलेला पदर सोडला आणि त्यांच्या हातात दिला.